उगारलेला हात

“हे मात्र छान केलंत हं,” वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावर नखाने टकटक केलं. “इथे बघा. मारायच्या आधी तो हात उगारतो ना, ते.”

“कुठे उगारतो?” वाकुल्याने विचारलं.

“हे काय!” बाई हसल्या. “तुम्हीच केलंय आणि मलाच विचारताय?”

त्याने पुढे वाकून पाहिलं. पडद्यावरचा पार्किंगवाला गाडीवाल्याच्या पकडीत उभा होता. त्याचं नाक, डोळे, खांदे घडवण्यात वाकुल्याचे कित्येक दिवस गेले होते. ठोसा सुटायच्या आधी या पार्किंगवाल्याची उजवी मूठ अगदी शिस्तीत मागे जात होती, कोपर वर येत होतं, खांदा वळत होता. नवख्या पोरांना शिकवायला घ्यावं इतकं देखणं काम. पण हे त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. ना पोलिसांच्या कागदात होतं, ना साक्षीत, ना कॅमेऱ्यात. कॅमेऱ्यात तर नुसते पाय होते. इमारतीखालच्या त्या पार्किंगमध्ये कुणा शहाण्याने कॅमेरा इतका वाकडा ठोकून ठेवला होता, की माणसं कमरेच्या वर उरतच नव्हती. दोन चकचकीत बूट, दोन झिजलेल्या चपला, थोडी ओढाताण, आणि मग बूट एकदम उताणे. कठड्याच्या सिमेंटच्या कडेवर गाडीवाल्याचं डोकं आपटलं आणि तो जागच्या जागी गेला. कमरेच्या वरचं सगळं कोर्टात दाखवायला भरून काढायचं काम या कार्टूनच्या स्टुडिओकडे आलं होतं, म्हणजे वाकुल्याकडे आलं होतं, आणि त्याने ते भरता भरता हा हात मागे नेला होता. कसा नेला? काही विचार न करता नेला, शिंक आली की तोंडावर रुमाल जातो तसा.

तसं बघितलं तर त्यात नवल काहीच नव्हतं. या धंद्यात पहिल्याच वर्षी डोक्यात ठोकून बसवतात, की कुठलीही हालचाल दाखवायची तर ती आधी उलट दिशेला न्यायची. उडी मारायची असेल तर आधी गुडघ्यात वाकव. पळायचं असेल तर आधी मागे रेलव. मारायचं असेल तर आधी हात मागे. नाहीतर बघणाऱ्याला कळतच नाही काय झालं ते, नुसतं काहीतरी लकाकून गेल्यासारखं वाटतं. सशाने कोल्ह्याच्या टाळक्यात हातोडा घालायचा असतो तेव्हा तो हातोडा आधी पार पाठीमागे जमिनीला टेकतो, बघणारी पोरं बाकावर उठून उभी राहतात, आणि मग बसतो दणका. वाकुल्याने जन्मभर हेच केलं. टेबलावर आरसा ठेवून दिवसभर त्यात तोंडं वेडीवाकडी करायची आणि ती चित्रांच्या तोंडावर चढवायची, म्हणून तर स्टुडिओत त्याचं नाव वाकुल्या पडलं. पण ससा आणि कोल्हा वेगळे. ससा तुरुंगात जात नाही. इथे सगळा खटलाच एवढ्यावर अडला होता, की पार्किंगवाल्याने मुद्दाम मारलं, की गचांडी सोडवताना झटक्यात हात लागला. तो म्हणत होता, मानेला धरलं, आईवरून शिवी दिली, हात कसा गेला मला माहीत नाही. मुद्दाम ठरलं तर त्याचं उरलेलं आयुष्य गजांआड. आणि वाकुल्याने त्याला मुद्दाम मारणारा करून टाकलं होतं. एका दुपारी, शेंगदाणे खात खात.

“हे अजून जरा लांबवता येईल का?” वकीलबाईंनी बाजूला उभ्या असलेल्या शेठला विचारलं. “म्हणजे हात मागे गेल्यावर थोडा थांबला, रोखून बघितलं, आणि मग मारलं. न्यायाधीशांना नीट दिसलं पाहिजे. पैशांची काळजी करू नका, गेलेल्याच्या घरचे लोक मागेपुढे बघणारे नाहीत.”

“आपला भाव सेकंदावर आहे, बाई,” शेठ खुशीत आला. “जितका वेळ थांबेल तितकं बिल.”

“म्हणजे राग जितका थंड, तितका महाग!” बाई म्हणाल्या, आणि दोघंही मनापासून हसली.

शेठ म्हणजे स्टुडिओचा मालक. बाकी सगळ्यांचा शेठ, पण वाकुल्या त्याला अजून जाड्याच म्हणायचा, कारण चित्रकलेच्या शाळेत दोघं एका बाकावर बसून मास्तरांची व्यंगचित्रं काढायचे. माणूस वाईट नव्हता. जागेचं भाडं, पोरांचे पगार, दर वर्षी नवीन यंत्रं, यांत पार पिळून निघाला होता बिचारा. हे काम मिळालं तेव्हा त्याने सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं होतं. बाई फोन घ्यायला बाहेर गेल्यावर वाकुल्या त्याला म्हणाला, “जाड्या, तो हात मी चुकून मागे नेलाय. काढून टाकतो.”

“काढून टाकतो म्हणजे?”

“म्हणजे तसं झालंच नसेल.”

“तू होतास तिथे?”

“नव्हतो. तूही नव्हतास.”

“मग झालं तर! गिऱ्हाईकाला आवडलंय, गिऱ्हाईक पैसे देतंय. आणि काढायचं तर पुन्हा सगळं जुळवायला लागेल, खांदा, मान, सावली. त्याचा खर्च कोण देणार? तुझा तो पार्किंगवाला?” शेठने त्याच्या पाठीवर थाप मारली. “गप गुमान काम कर रे. अंगाला लावून घेऊ नकोस.”

अंगाला लावून घेऊ नकोस! दिवसभर तो पडद्यावर त्या गाडीवाल्याला मारत होता. एक तुकडा नीट जमेपर्यंत तो पुन्हा पुन्हा आपोआप चालू राहतो, तसा तो चालू राहायचा. मूठ जबड्यावर, मान गर्रकन वळली, पाय सुटले, डोकं कडेवर. पुन्हा उभा, पुन्हा मूठ. वाकुल्या डबा खायला बसला तरी मागे पडद्यावर गाडीवाला मरतच असायचा. कवटी आपटल्यावर डोकं किती उसळेल याच्यावर त्याने आणि शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीने वाद घातला होता, आणि शेवटी कलिंगड आणून सिमेंटच्या पायरीवर टाकून बघितलं होतं. तेव्हा त्याला त्यात काही वाटलं नव्हतं. कलिंगडाचा लाल लगदा पायऱ्यांवरून घरंगळला, पोरांनी उरलेलं खाल्लं, सगळे हसले. आता मात्र बाईंचं नख ज्या जागी वाजलं होतं तिथेच त्याची नजर अडकून राहिली, आणि जिभेवर गंजलेल्या लोखंडासारखी चव आली. ही चव त्याच्या ओळखीची होती. लहानपणी गालाच्या आतून रक्त यायचं तेव्हाची.

त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून, श्वाससुद्धा जपून घेऊन, चिमट्याने केसाएवढ्या स्प्रिंगा बसवायचे. गल्लीत त्यांच्या हाताचं कौतुक होतं, काय स्थिर हात हो, म्हणायचे लोक. तेच हात घरात कधी चालतील याचा पत्ता लागायचा नाही. आवाज चढायचा नाही, डोळे लाल व्हायचे नाहीत, दाराशी पाय आपटणं नाही, काही नाही. पलीकडच्या घरातला बाप पिऊन यायचा, तो जिन्यापासून आरडाओरडा करत यायचा, त्यामुळे त्याची पोरं वेळेवर पळून तरी जायची. वाकुल्याला त्या पोरांचा हेवा वाटायचा. त्याचे वडील भाजी वाढून घेता घेता म्हणायचे, मीठ जरा बेताचं घाल, आणि आई हसून हो म्हणत असतानाच ती भिंतीवर आदळलेली असायची. मध्ये काही घडायचंच नाही. आईच्या तोंडावर हसू तसंच, आणि नाकातून रक्त. तो आपला बघत बसायचा. वडिलांचा खांदा बघायचा, मनगट बघायचं, कुठेतरी काहीतरी आधी हलत असेल, ते एकदा सापडलं की आपण आईला हाक मारू, असं त्याला वाटायचं. वर्षानुवर्षं बघितलं. सापडलं नाही. पुढे चित्रकलेच्या शाळेत मास्तरांनी फळ्यावर ठोसा मारणारा माणूस काढला आणि म्हणाले, मारायच्या आधी हात मागे जायलाच पाहिजे, तेव्हा वाकुल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. किती बरं वाटलं होतं त्याला! एक असं जग आहे जिथे सगळे आधी सांगतात. तो त्या जगात राहायला गेला तो गेलाच. त्याच्या सशांनी, राक्षसांनी, जाहिरातीतल्या डासांनीसुद्धा कधी कुणाला न सांगता मारलं नाही. आणि त्याने स्वतः तर आयुष्यात कुणावर हात टाकला नाही. बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तर हाच माफी मागायचा. लेक कितीही हट्टाला पेटली तरी तो खिशात हात घालून उभा राहायचा. स्टुडिओतली पोरं म्हणायची, वाकुल्याला चिमटा काढला तर तो म्हणेल, तुमचं बोट दुखलं का हो?

म्हणजे पार्किंगवाल्याचा हात त्याने का मागे नेला हे त्याला आता कळलं होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता. त्याने कॅमेऱ्यातले ते पाय पुन्हा लावले. एकेक चित्र पुढे, एकेक चित्र मागे. हात मागे न्यायचा तर अंगाचा भार मागच्या पायावर जातो. झिजलेली चप्पल मागच्या टाचेवर दबायला हवी होती. ती दबत नव्हती. उलट टाच किंचित उचललेली होती, मानेला धरून वर ओढल्यावर उचलली जाईल तशी. हे सगळं पहिल्या दिवसापासून त्याच्यासमोर होतं. त्याने ते बघून न बघितल्यासारखं केलं होतं, कारण हात मागे गेल्याशिवाय ठोसा बसतो हे त्याला बघायचंच नव्हतं. स्वतःची त्याला चीड आली, अशी चीड, की आरसा उचलून भिंतीवर फोडावासा वाटला. फोडला नाही, अर्थात. खिशात हात घातले.

बाई परत आल्या तेव्हा त्याने टाच दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली, अगदी शांतपणे.

“टाचेवरून मनातलं कळत असतं,” त्या म्हणाल्या, “तर कोर्टात आम्ही चपलाच तपासत बसलो असतो. माणूस मारायचं म्हणतो तेव्हा हात उगारतो. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.”

“सगळे नाही उगारत.”

“तुम्हाला काय माहीत?”

शेठ मध्ये पडला. “अहो, आपण करूनच बघू की! आमच्याकडे तीच पद्धत आहे. आधी स्वतः करून बघायचं, कॅमेऱ्यात घ्यायचं आणि मग त्यावरून चित्र करायचं. चल रे, तू हो पार्किंगवाला. मी गाडीवाला होतो, पोट तेवढं आहे माझं.” बाईंना खुर्ची दिली. कोपऱ्यातल्या पांढऱ्या भिंतीपुढे दोघं उभे राहिले, समोर तिवईवर कॅमेरा चालू केला. मागे जाजम अंथरलेलं होतं, पडायचं असलं की त्यावर पडायचं. या भिंतीपुढे दोघांनी आजवर काय काय केलं होतं! अस्वल झाले होते, टूथपेस्ट झाले होते, एकदा तर शेठ नवरी झाला होता आणि वाकुल्या घोडा.

“एकदा माझ्या मनासारखं कर,” शेठ म्हणाला. “हात मागे, थांब, बघ, मार. मग तुझ्या मनासारखं.”

वाकुल्याने केलं. हात मागे नेला, थांबला, बघितलं, आणि मूठ शेठच्या गालाजवळ आणून थांबवली. बाईंनी टाळी वाजवली. “हेच, हेच हवंय!”

“आता तुझं,” शेठ म्हणाला, आणि त्याने वाकुल्याची कॉलर धरली. गिऱ्हाईक बघत होतं म्हणून त्याला जरा चेव आला असावा. मूठ वळवून त्याने कॉलर अशी आवळली की गुंडी गळ्यात रुतली आणि वाकुल्या टाचांवरून उचलला गेला. शेठच्या तोंडाला वेलचीचा वास येत होता. डोळे मिचकावत, हसत, त्याने कागदातली शिवी जशीच्या तशी दिली, आईवरून.

मग शेठ खाली होता. एवढंच वाकुल्याला कळलं. जाजमावर नाही, जाजमाच्या बाहेर, फरशीवर. त्याचं डोकं तिवईच्या लोखंडी पायापासून वीतभर लांब पडलं होतं. तोंड रक्ताने भरलेलं, आणि त्या रक्तात पांढरं काहीतरी, दाताचा तुकडा. वाकुल्या त्याच्यावर ओणवा उभा होता आणि त्याचा हात पुन्हा खाली निघाला होता. दुसऱ्यांदा! शेजारच्या मुलीने किंचाळून दंडाला मिठी मारली म्हणून तो थांबला. राग आला होता का त्याला? नंतर त्याने पुष्कळ शोधलं. राग आठवत नव्हता. बरं वाटलेलं आठवत होतं. मूठ हाडावर बसली तेव्हा खांद्यापासून खाली काहीतरी मोकळं मोकळं झालं होतं, आणि ते गोड वाटलं होतं.

“हे कॅमेऱ्यात आलं?” वकीलबाईंनी विचारलं. त्या खुर्चीवरून उठल्या नव्हत्या.

आलं होतं. शेठने रुमाल तोंडात कोंबून, भिंतीला धरून उठून स्वतःच ते लावलं. शेवटी तो चित्रकार. एकेक चित्र पुढे नेत गेला. कॉलर आवळलेली. टाचा उचललेल्या. वाकुल्याचे दोन्ही हात खाली, बोटं सैल. पुढचं चित्र. मूठ शेठच्या तोंडावर बसलेली, ओठ चेपलेला, आणि शेठच्या डोळ्यांत अजून तो मिश्कीलपणा, ते मिचकावणं पुरतं संपलेलंही नाही. शेठ पुन्हा मागे गेला. हात खाली. पुन्हा पुढे. मूठ तोंडावर. त्या दोन चित्रांच्या मधे काही नव्हतं. वाकुल्याने ते बघितलं, आणि ज्या गोष्टीची त्याने लहानपणी वर्षानुवर्षं वाट बघितली ती नसतेच, हे आज त्याला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. आपण लक्ष दिलं नाही असं नव्हतं. बघायला तिथे काही नव्हतंच. आणि हात वडिलांचा नव्हता, त्याचा होता.

“मागे गेलाच नाही रे,” शेठ रुमालातून म्हणाला. बोलताना रक्त हनुवटीवर आलं.

“हे पुसून टाका,” बाई म्हणाल्या.

शेठने त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. “बाई, आता मला तो हात मागे नेता येणार नाही. माझंच तोंड फुटलंय.”

“ठीक आहे. दुसरीकडे करून घेईन.” त्यांनी पर्स उचलली. “हात मागे नेणारे खूप मिळतील. भावही तुमच्यापेक्षा कमी असेल.” दारात थांबून त्या वाकुल्याला म्हणाल्या, “तुम्ही सांभाळा हं स्वतःला,” आणि त्यांच्या आवाजात खरोखरची काळजी होती.

त्या गेल्यावर शेठने ते चित्रण एका पेनड्राइव्हमध्ये घालून टेबलावर सरकवलं. वाकुल्या माफी मागायला लागला, तर त्याने हात वर केला. “माफी राहू दे. त्या पार्किंगवाल्याच्या वकिलाला नेऊन दे हे. विचारलं तर मी येऊन सांगेन, की ठोसा येतोय हे मला कळलंसुद्धा नाही.” मग दुसरीकडे बघत म्हणाला, “आणि उद्यापासून येऊ नकोस. माझ्याच्याने तुझ्याशेजारी बसवणार नाही रे. भीती वाटते.” एका बाकावर बसलेला जाड्या हे म्हणाला. वाकुल्याने मान हलवली आणि आरसा तिथेच ठेवून निघाला.

रस्त्यावरूनच त्याने त्या वकिलाला फोन लावला. तो कुणी तरुण, गडबडीत बोलणारा माणूस होता. सगळं ऐकून म्हणाला, “आणा उद्या. फार उपयोग होईल. फक्त एक आहे, तुम्हाला सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागेल, की हा हात माझा आणि तो असाच आहे. सांगाल?” वाकुल्या सांगतो म्हणाला. भरून आलं त्याला. त्या माणसाला त्याने चुकून तुरुंगाच्या दारापर्यंत ढकललं होतं, आता ओढून काढता येईल. रस्त्याने लोक अंगाला घासून चालले होते, शाळेतून सुटलेली मुलं, पिशव्या घेतलेल्या बाया, आणि तो भिंतीच्या कडेकडेने, उजवा हात काखेत दाबून धरून चालत होता. कुणाचा धक्का लागू नये म्हणून. एरवी धक्का लागला की माफी मागायला तोंडाशी शब्द तयार असायचे. आज त्यांचा भरवसा वाटत नव्हता.

दार आईने उघडलं. वडील गेल्यापासून ती त्याच्याचकडे राहत होती. बायको अजून कामावरून यायची होती. आतून लेक “बाबा!” करत धावत सुटली, हात पसरून, रोजच्यासारखी. आईची नजर त्याच्या हातावर गेली. बोटांची हाडं सुजून टरारली होती, कातडी सोलली होती, आणि बाहीवर रक्ताचे थेंब वाळले होते. पडलास का, कुठे लागलं, कुणी मारलं, कुठलीही आई विचारील त्यातलं काहीच तिने विचारलं नाही. त्याच्याकडे न बघता तिने धावत्या नातीचा फ्रॉक मागून धरला आणि एका हिसक्यात तिला आपल्या पाठीशी घेतलं. पोरगी कोलमडली, “आजी, सोड ना!” म्हणून कुरकुरली.

“आई,” तो म्हणाला, “अगं, मी आहे.”

“हो रे बाळा, दिसतंय मला,” आई म्हणाली. “बस. बर्फ आणते.” पण ती जागची हलली नाही, आणि फ्रॉकही तिने सोडला नाही.